ओटीत गेलेला अर्धा डॉलर

माझ्याकडे त्या नाण्याची एकच बाजू आहे, आणि तीही फोटोत. १८२७ सालचा अमेरिकन अर्धा डॉलर, चांदीचा, राणीछाप रुपयाहून किंचित मोठा. डावीकडे तोंड केलेली, टोपी घातलेली बाई. तिच्या समोर सात तारे, पाठीमागे सहा, खाली साल. सालातल्या दोनचा पाय सरळ. डावीकडच्या सहाव्या ताऱ्यापासून नाण्याच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेली आहे. हा ओरखडा नव्हे. ज्या साच्याने नाणं ठोकलं तो साचा त्या जागी तडकला होता आणि तडा नाण्यावर उमटला.

त्या काळी अमेरिकेच्या टांकसाळीत साचे हाताने पुरे केले जात. बाईचा चेहरा आणि मागचा गरुड एकेका ठशाने उमटवायचे. तारे, अक्षरं आणि आकडे मात्र कारागीर सुटे सुटे ठोकत असे. म्हणून एकाच सालच्या दोन साच्यांत एखादा तारा सरकलेला असतो, एखादं अक्षर कललेलं असतं, कुठे चुकीचा आकडा ठोकून त्याच्यावर बरोबर ठोकलेला असतो. पुढचा साचा आणि मागचा साचा यांच्या जोडीला नाणी जमवणारे मॅरेज म्हणतात. एक तडकून निकामी झाला की दुसऱ्याला नवा जोडीदार मिळतो. हातातलं नाणं कुठल्या जोडीचं, हे ठरवणं म्हणजे हा छंद.

पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं उपसंपादक म्हणून काम केल्यावर हा छंद जड जात नाही. दुसऱ्याने लावलेल्या अक्षरांतली चूक शोधायची, एवढंच काम. ती दुरुस्त करायची नाही, हा भाग नवा होता.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सिडनीला आलो. घर स्कोफिल्ड्सला. मी टीव्हीवरच्या बातम्यांना कॅप्शन देण्याचं काम करते, शिफ्टमध्ये. ब्लॅकटाउनला एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा नाणी जमवणाऱ्यांचा क्लब भरतो. बहुतेक सभासद निवृत्त पुरुष आहेत आणि ते ऑस्ट्रेलियाच्या जुन्या पेन्या जमवतात. अमेरिकन चांदीत रस असलेले दोघेच: एक निवृत्त शिक्षक, ज्यांच्याकडे या जोड्यांचा जाडजूड संदर्भग्रंथ आहे, आणि मी. तो अर्धा डॉलर मला क्लबच्याच टेबलावर, परदेशी नाण्यांच्या ट्रेमध्ये मिळाला. विकणाऱ्याने त्याच्या पाकिटावर फक्त साल लिहिलं होतं.

नंतर, फोटोतल्या रेघेवरून पुढचा साचा निश्चित झाला. ग्रंथात त्या साच्याच्या दोन जोड्या दिल्या होत्या. पहिल्या जोडीची नाणी सहज मिळतात. दुसरीची फार थोडी माहीत आहेत. दोन्हींची पुढची बाजू एकच, म्हणून निकाल मागच्या बाजूवर. मागे गरुड आहे, त्याच्या डोक्यावर लॅटिन शब्दांची पट्टी, पट्टीच्या वर गोलाकार देशाचं नाव. देशाच्या नावातला टी आणि त्याच्या खालचा, पट्टीवरचा आय एका रेषेत असतील तर जोडी पहिली. आय उजवीकडे सरकलेला असेल तर दुसरी. भिंग हातात असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम.

मागची बाजू मी पाहिली होती. घेताना पाहिली, घरी आणल्यावर पाहिली. गरुडाच्या पंखांची झीज पाहिली, कुणी घासून चकचकीत केलेलं नाही ना तेही पाहिलं. टी आणि आय पाहिले नाहीत. तेच पाहायचे असतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. फोटोही पुढच्या बाजूचाच झाला. पट्टी उथळ उमटलेली होती. अशा अक्षरांना तिरपं ऊन लागतं, आणि तोवर खिडकीतलं ऊन गेलं होतं. मागची बाजू रविवारी काढू असं ठरलं. शनिवारी डोहाळजेवण होतं.

डोहाळजेवण नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका मुलीचं. ती मूळची नागपूरची, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहायची. सासूबाई तेव्हा ठाण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या मुलीची आई बाळंतपणाला येणार होती, पण अजून पोचली नव्हती, त्यामुळे वडीलधारी बाई म्हणून ओटी भरायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. माझी शनिवारची शिफ्ट होती. दुपारी सासूबाईंचा फोन आला. घरात चांदीचं नाणं आहे का, ओटीत घालायला? मी म्हटलं, आहे, घ्या. बुलेटिन सुरू होणार होतं.

माझ्या मनात होती ती कपाटातली नाणी, लक्ष्मीपूजनाला ठाण्याच्या सराफाकडून आणलेली, लाल मखमली डबीत. ती हिवाळ्याच्या पांघरुणांखाली होती आणि सासूबाईंना सापडली नाहीत. त्यांना सापडलं टेबलाच्या खणातलं, पुठ्ठ्याच्या चौकोनी घडीत पिना मारून बंद केलेलं. पिना त्यांनी चिमट्याने काढल्या.

मी घरी पोचले तेव्हा त्या साडी बदलून चहा घेत होत्या. समारंभ चांगला झाला होता. मुलगी छान दिसत होती, इडल्या मात्र दगड होत्या. मग त्यांनी नाण्याचं सांगितलं.

“राणीछाप मिळालं ते बरं झालं. पोटुशीच्या ओटीत कोऱ्या नाण्यापेक्षा नांदलेलं नाणं केव्हाही चांगलं.”

“कुठलं नाणं, आई?”

“ते पुठ्ठ्यातलं. बाईचं चित्र होतं बघ.”

“आणि पुठ्ठा?”

“टाकला. रिसायकलिंगच्या डब्यात टाकलाय हो, चुकीच्या नाही.”

मी त्यांना सांगितलं की ते नाणं वेगळं होतं, ती राणी नव्हती, आणि ते परत आणावं लागेल. बदल्यात दुसरं देऊ. त्यांनी कप खाली ठेवला.

“ओटीतलं परत मागतात का कधी?” त्या म्हणाल्या. “तुला दुसरं हवं असेल तर मी ठाण्याहून दहा पाठवते. पण तिच्या पदरात पडलं ते तिचं. मागितलंस तर पोराला लागेल.”

नवरा मध्ये पडला नाही. त्याने डबा उघडून पुठ्ठा शोधला. पुठ्ठ्यावर साल होतं, माझ्याच अक्षरात.

या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. डेस्कवर असताना दृष्ट, करणी, भानामतीच्या बातम्यांना अवतरणचिन्हं मीच घालत असे. तरी मागितलं नाही. मूल जन्माला येतं, त्याला कधी ना कधी ताप येतोच. तो आला असता तर ठाण्यापासून स्कोफिल्ड्सपर्यंत त्याचं कारण एकच ठरलं असतं. शिवाय मागायची गरजही नव्हती. मला नाणं नको होतं. त्याची मागची बाजू अर्धा मिनिट हवी होती. म्हणजे एक भेट पुरे, असा हिशेब होता.

बाळ झाल्यावर आम्ही बघायला गेलो. मुलगी झाली होती. नागपूरहून आलेली आजी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दिवाणखान्यात भिंतीला लागून एक उभं शेल्फ होतं, वर बुद्धाची मूर्ती. त्याचा मी काही अर्थ लावला नाही. आमच्या रस्त्यावर निम्म्या घरांत बुद्ध आहे. गार्डन सेंटरमध्ये कुंड्यांच्या शेजारी मिळतो. मूर्तीच्या खालच्या कप्प्यात स्टीलची वाटी होती आणि वाटीच्या कडेवरून माझ्या नाण्याची कड दिसत होती.

ते हात लांब केला तर मिळेल इतकं जवळ होतं. मी सोफ्याच्या त्याच टोकाला बसले होते. भिंग पर्समध्ये होतं. पण ओटीतलं नाणं देवापाशी ठेवलेलं, घरात आठवडाभराचं बाळ, समोर बाळाची आजी. माणूस बाळ बघायला जातो आणि देवापाशी ठेवलेली वाटी उपसतो, हे कसं करायचं ते सुचलं नाही. आजींनी माझी नजर पाहिली असावी.

“काही हवं होतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही. छान मांडलंय,” मी म्हटलं.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, “तू बाळाकडे एकदाच बघितलंस.” ते खरं होतं.

पुन्हा एकदा जाऊ, निवांत, आजी परत गेल्यावर, असं ठरवलं. आजी परत गेल्या आणि त्याच सुमारास त्या मुलीच्या नवऱ्याला मेलबर्नमध्ये नोकरी लागली. निरोपाला गेलो तेव्हा शेल्फ सुटं करून भिंतीला टेकवलेलं होतं आणि वाटी कुठल्या तरी खोक्यात. खोक्यांवर मार्करने लिहिलं होतं: किचन, किचन, मिसलेनियस. ते मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात राहायला गेले.

त्यानंतर फोटो मागवायचे प्रयत्न झाले. थेट मागणं अवघड होतं, कारण ओटीतल्या नाण्याच्या मागच्या बाजूचा फोटो कुणाला कशासाठी लागेल? मी सासूबाईंचं नाव पुढे केलं. त्यांना बाळाचा फोटो हवाय, ओटीतलं नाणं शेजारी ठेवून, आठवण म्हणून. फोटो आला. बाळ झोपलेलं, नाणं उशीवर, बाईचा चेहरा वर. मी लिहिलं, फार गोड, अजून एखादा पाठव ना. अजून चार आले. बाळ चार वेगवेगळ्या बाजूंनी होतं. नाणं एकाच.

“तिला सांग,” नवरा म्हणाला, “दृष्ट काढायला नाण्याची पाठ लागते.”

क्लबमध्ये शिक्षक दर महिन्याला विचारत. पहिल्यांदा मी त्यांना सगळं समजावलं होतं: गर्भवती बाईच्या पदरात तांदूळ, नारळ, सुपारी, नाणं घालतात आणि दिलेलं परत घेत नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं. नंतर त्यांचा प्रश्न ठरलेला असे.

“एनी न्यूज ऑफ द बेबी?”

बेबी म्हणजे नाणं. टेबलावरचे बाकीचे हसत. पुढची बाजू त्यांनी फोटोवरून तपासली होती आणि साच्याबद्दल त्यांचंही मत माझ्यासारखंच होतं. मी एकदा विचारलं की निदान तात्पुरती नोंद करता येईल का, बहुधा पहिली जोडी किंवा बहुधा दुसरी. त्यांनी ग्रंथ मिटला. “नो रिव्हर्स, नो नंबर, मेट.” मागची बाजू नाही, तर जोडीचा क्रमांकही नाही. डेस्कवर मीसुद्धा याच शब्दांत बातम्या परत पाठवल्या होत्या, मराठीत.

या काळात दुसऱ्या कुठल्या नाण्यात मन रमत नव्हतं. त्याच सालचे आणखी दोन अर्धे डॉलर घेतले, त्यांच्या जोड्या एकेका संध्याकाळी लागल्या, आणि त्याचं काही वाटलं नाही. डोळे मिटून मी ती मागची बाजू आठवायचा प्रयत्न करत असे. गरुड आठवे, पंखांची झीज आठवे, पट्टीसुद्धा आठवे. टी आणि आयच्या जागी, आदल्या दिवशी मला जे असावंसं वाटत असेल तेच दिसे. कधी सरळ रेषेत, कधी सरकलेलं. साक्षीदार म्हणून मी स्वतःला केव्हाच बाद केलं असतं.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. नवऱ्याला त्याच आठवड्यात मेलबर्नला मीटिंग होती. नसती तरी मी गेले असते. या वेळी मी ठरवलं होतं: काही बहाणा नाही. नाणी जमवते, एकदा भिंगातून बघू दे, एवढं म्हणायचं. बघणं म्हणजे परत मागणं नव्हे. सासूबाईंना मी फोनवर तसं विचारूनही घेतलं होतं. त्यांनी थोडा विचार करून परवानगी दिली. बघायला हरकत नाही, म्हणाल्या, पण डाव्या हाताने उचलू नकोस.

पॉइंट कुकच्या घरात तेच शेल्फ होतं, तोच बुद्ध वर. खालच्या कप्प्यात वाटी नव्हती. पाहुणे मागच्या अंगणात सॉसेज भाजत होते. ती मुलगी किचनमध्ये केकचे तुकडे करत होती. मी ठरवलेलं वाक्य बोलले.

“ते नाणं ना ताई? थांबा, दाखवते. इतकं मस्त केलंय.”

तिने आतून दोन्ही हातांनी एक ठोकळा आणला, डब्याच्या झाकणाएवढा, जाड, काचेसारखा पारदर्शक. इथे एक बाई बाळाच्या आठवणी रेझिनमध्ये ओतून देते, तिने सांगितलं. आत हॉस्पिटलचा मनगटावरचा पट्टा होता, जावळाची एक बट, अंगठ्याएवढा मोजा, आणि मधोमध नाणं. बाईचा चेहरा वर. तडा स्पष्ट दिसत होता, फोटोतल्यापेक्षाही. सगळे तारे मोजता येत होते. मी ठोकळा उलटा केला. तळ पांढरा होता.

“तळाशी पांढरा थर घालतात आधी,” ती म्हणाली. “म्हणजे वरचं उठून दिसतं. त्या बाईने विचारलं होतं कुठली बाजू वर ठेवू. मी म्हटलं चेहरा. पक्षी कशाला?”

मी ठोकळा खिडकीपाशी नेला आणि बाजूने भिंग लावलं. नाण्याच्या काठावरची अक्षरं वाचता येत होती. काठाचा उपयोग नव्हता. दोन्ही जोड्यांचा काठ सारखाच असतो. मागची बाजू थराला चिकटून होती.

तिने केक कापायचा थांबवला. “काय झालं, ताई? महाग होतं का ते?”

“ठाऊक नाही. तेच पाहायचं होतं. मागच्या बाजूला दोन अक्षरं आहेत.”

मग मी तिला सगळं सांगितलं. खण, पिना, पुठ्ठा, सासूबाईंचा फोन. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता.

“पण मग एक मेसेज टाकायचा ना,” ती म्हणाली. “मी दुसऱ्या दिवशी आणून दिलं असतं. दोन रस्ते तर होते.”

“ओटीतलं कसं मागणार?”

“ताई, आम्ही बौद्ध आहोत. आमच्याकडे ओटी नाही भरत. आई तर व्हिडिओ कॉलवर म्हणत होती, नाही म्हणून सांग. पण काकू इतक्या हौसेनं पैठणी नेसून आल्या होत्या. त्यांना काय सांगू? पसरला पदर.”

मी म्हटलं की नाणं तिने बुद्धापाशी ठेवलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं.

“मूर्तीपाशी नाही, खालच्या कप्प्यात. त्या वाटीत आम्ही सुटे पैसे टाकायचो. शॉपिंगच्या ट्रॉलीला लागतात ना, ते.” ती हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. “आई तेव्हा म्हणाली होती, त्या बाई वाटीकडेच बघत होत्या, त्यांना पार्किंगला सुटे हवे असतील. विचारते म्हणाली.”

आणि आजींनी विचारलंही होतं.

ती ठोकळा घेऊन गराजच्या दाराशी गेली. नवऱ्याकडे छिन्नी आहे, म्हणाली, फोडून काढू. ती हे मनापासून म्हणत होती; दार उघडलंही होतं. मी ठोकळा तिच्या हातातून घेतला. मोजा आणि जावळ नाण्याला लागून होते. रेझिनमधून नाणं ओरखड्याशिवाय निघालं नसतं, आणि त्या दोन गोष्टी तर निघाल्याच नसत्या. जावळ परत उगवत नाही.

“राहू दे,” मी म्हटलं.

“पण मग तुम्हाला कळणार कसं?”

“नाही कळणार.”

तिने केकची एक प्लेट मला दिली, नेहमीपेक्षा मोठा तुकडा ठेवून. बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली आणि मी किचनमध्ये उभी राहून पुढच्या बाजूकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, पाहण्यासारखं तिथे नवं काही नव्हतं तरी.

पुढच्या क्लबला शिक्षकांनी त्यांचा प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. टेबलावर कुणी हसलं नाही. शिक्षकांनी रेझिनचं नाव दोनदा विचारून घेतलं, ते कशात विरघळतं ते पाहतो म्हणाले. चांदी वाचेल, केस वाचणार नाहीत, असं त्यांनी नंतर कळवलं. ते मला आधीच ठाऊक होतं.

मी मेलबर्नहून परतल्यावर सासूबाईंचा ठाण्याहून फोन आला. वाढदिवस कसा झाला, पोर चालायला लागली का, त्यांनी सगळं विचारलं. ओटी त्या घरात नसतेच हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या मुलीने ते त्यांच्यापासून वर्षभर लपवलं होतं. माझ्यामुळे कळायला नको होतं.

“आणि नाणं? दिसलं का?”

“दिसलं.”

“नीट ठेवलंय ना त्यांनी?”

“हो. कुणाचा हात लागणार नाही असं ठेवलंय.”

“मग?” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या खणात काय पडून होतं ते. पिना मारून.”